ठराव ‘बरोबरीत सुटत’ नाही, आणि कास्टिंग व्होटला कौल म्हणा

प्रश्न असा आहे की सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरावाला बारा विरुद्ध बारा मतं पडली तर मिनिट्समध्ये ‘ठराव बरोबरीत सुटला’ असं लिहायचं का, आणि कास्टिंग व्होटला, म्हणजे मतं समसमान पडली की अध्यक्ष देतात त्या जादा मताला, मराठीत काय म्हणायचं.

बरोबरीत सुटते ती कुस्ती. ठराव मंजूर तरी होतो नाहीतर पडतो. मंजुरीला बहुमत लागतं, समसमान मतं म्हणजे बहुमत नाही, त्यामुळे अध्यक्षांनी जादा मत वापरलं नाही तर ठराव नामंजूर, विषय संपला. ‘टाय झाला म्हणून पुढच्या मीटिंगला ढकलला’ हे तर सारखं कानावर येतं, पण टाय झाला म्हणून ठराव आपोआप पुढे जात नसतो, तहकुबी हवी तर तिचा वेगळा ठराव आणा.

आता शब्द. ‘निर्णायक मत’ सगळीकडे रुळलाय आणि तिथेच घोळ आहे. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असं पडलं, त्या एका जादा मताला लोक सर्रास निर्णायक मत म्हणतात. अहो, ते साधं मत होतं! मतं समसमान झाली असती तरच अध्यक्षांचं मत आलं असतं, कारण घटनेच्या कलम १०० प्रमाणे पीठासीन माणूस आधी मत देतच नाही, बरोबरी झाली तरच देतो (विधिमंडळाला हेच कलम १८९). सहकारी सोसायटीत मात्र अध्यक्ष सभासद म्हणून मत देतात आणि बरोबरी झाली तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम २७ प्रमाणे आणखी एक. आणि कास्टिंग म्हणजे ‘मत टाकणं’ हेही डोक्यातून काढा, तिथला कास्ट म्हणजे तराजूचं पारडं एका बाजूला झुकवणं.

माझा शब्द आहे कौल. मूळ अरबी, अर्थ बोल, वचन. कव्वाल आणि कव्वाली ह्याच घरातले, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला इतका आनंद झाला होता की काय सांगू. आपल्याकडे तो आला तो शब्द दिला ह्या अर्थाने, ओसाड पडलेल्या गावात रयतेने परत यावं म्हणून सरकार कौल द्यायचं, त्याचा कौलनामा व्हायचा. मग कोकणात गोव्यात तो देवळात शिरला. देवाला कौल लावायचा म्हणजे मूर्तीला दोन्ही अंगांना पाकळ्या नाहीतर कळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, बहुतेक ठिकाणी असंच. बघा की जरा नीट, दोन्ही बाजू सारख्या, माणसांचं ठरत नाही, आणि एकच आवाज वरून येतो आणि ठरवतो. कास्टिंग व्होटचं ह्याहून नेमकं वर्णन कुठे सापडेल?

ह्यावर परिभाषावाले म्हणतात की कौल म्हणजे मतदारांचा निकाल, ‘जनतेचा कौल’ म्हणतातच ना. ते वर्तमानपत्रांनी सैल केलेलं आहे, त्याला प्रमाण कसलं मानता? लाखो लोकांनी मतं दिली की बहुमत झालं, तिथे अडलंय काय की कौल लावावा? उलट २०१७ ला मुंबई महापालिकेच्या प्रभाग २२० मध्ये दोन उमेदवारांना सारखी मतं पडली आणि चिठ्ठी काढून अतुल शाह निवडून आले, कौल म्हणायचं तर त्या चिठ्ठीला म्हणा. परिभाषा कोशात बसून ‘निर्णायक’ सारखे शब्द जोडणाऱ्यांनी एकदा कोकणातल्या देवळात गाऱ्हाणं ऐकायला उभं राहावं.

तर मिनिट्समध्ये असं लिहा: ‘बाजूने १२, विरोधी १२, अध्यक्षांनी विरोधी कौल दिला, ठराव नामंजूर.’