जुनं घर, नवा पलंग: वाचकांचे प्रश्न आणि सुतारकामाच्या जाणकारांची उत्तरं

प्रश्न: आमच्या वाड्याचा मागचा सोपा पडायला आला होता म्हणून उतरवला. त्यातून सागवानी तुळया आणि कड्या निघाल्या आहेत. राहत्या भागाची डागडुजी चालू आहे. पहिल्या मजल्यावरच्या खोलीत याच लाकडाचा, खाली सामान ठेवता येईल असा मोठा बॉक्स बेड करायचा आहे. जमीन कडीपाटाची, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या घातलेली आहे, वर कोबा. काय काळजी घ्यावी? (सदाशिव पेठ, पुणे)

उत्तर: आधी जमिनीचं पाहू, कारण पलंगाचा प्रकार त्यावरच ठरणार आहे. राहत्या घराच्या मजल्यावर दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरावा, असं आयएस ८७५ हे भारतीय मानक सांगतं. साडेसहा बाय पाच फुटांचा पलंग तीन चौरस मीटर जागा व्यापतो, म्हणजे हिशेब ६०० किलोंपर्यंत जातो. पण हा आकडा नव्या इमारतीसाठी आहे. तुमचा कडीपाट त्या हिशेबाने बांधलेला नाही.

आता बॉक्स बेडचं वजन मांडा. सांगाडा आणि प्लाय १०० ते १२० किलो, गादी ३५, दोन माणसं १४०. पेटीची पोकळी साधारण २७ घनफूट भरते. त्यात गोधड्या-कपडे असले तर १५० किलो धरा. पुस्तकं किंवा पितळी भांडी गेली तर ३०० किलोंच्या वर जाईल. एकूण वजन सहज ६०० ला टेकतं आणि माणसं उठून गेली तरी त्यातलं बरंचसं तिथेच राहतं. लाकडी तुळईला सततचा भार सर्वांत जाचक, कारण तिला कायमची झोळ पडत जाते. म्हणून कडीपाटावर बॉक्स बेड करू नये, खालून मोकळा पलंग करावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. सामानासाठी तळमजल्यावर किंवा जाड भिंतीतल्या कोनाड्यांत कपाट काढा.

मोकळ्या पलंगासाठीही तुळयांची टोकं तपासून घ्या. तुळई मधे क्वचित कुजते. ती कुजते भिंतीत शिरते तिथे, कारण भिंतीतली ओल तिथेच मुरते. खालच्या खोलीतून टोच्याने टोचून पाहा. अर्ध्या इंचाहून जास्त आत शिरला, किंवा ठोकल्यावर बद्द आवाज आला, तर आधी तुळईचं काम करा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. पलंग खोलीच्या मधोमध न ठेवता, तुळया ज्या भिंतीत टेकल्या आहेत तिकडे सरकवून ठेवा. पाय शक्यतो कड्यांच्या वर येऊ द्या. दोन कड्यांच्या मधे आले तर खाली १२ इंच चौरस, इंचभर जाडीची फळी सरकवा.

आता लाकूड. मोकळ्या पलंगाला (गादी ७८ बाय ६० इंच) तयार माल सव्वाचार घनफूट लागतो. जुन्या तुळईत खिळ्यांची भोकं, खाचा, चिरा आणि कुजलेली टोकं धरून चाळीस टक्के वाया जातं, म्हणून सात घनफूट हाताशी हवं. हिशेब सोपा आहे: लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घेऊन तिन्हींचा गुणाकार करा आणि १४४ ने भागा. १० फुटी, ९ बाय ६ इंची एक तुळई पावणेचार घनफूट भरते, म्हणजे अशा दोन पुरतात. भिंतीत असलेलं टोक दोन्हीकडून फूटभर कापून टाका.

वखारीत नेण्याआधी सगळे खिळे काढावेत. तुटून आत राहिलेला खिळा करवतीचं पातं फोडतो, आणि त्यामुळे बऱ्याच वखारी जुना माल चिरायला घेतच नाहीत. चांगलं लोहचुंबक दोरीला बांधून चारही अंगांवरून फिरवा. जिथे ओढ जाणवेल तिथे खडूने खूण करून पटाशीने उकरा. जुना तेलरंग असेल तर कोरडा घासू नका. अशा रंगांत शिसं असू शकतं. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, तुमचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा असणार. ओला करून खरवडा, तोंडाला मास्क लावा आणि निघालेला रंग पिशवीत भरून टाका. लहान मुलांना त्या दिवशी तिथे येऊ देऊ नका.

चिरलेल्या फळ्या लगेच जोडू नयेत. तुळईचा गाभा चिरल्यावर त्यातला ताण सुटतो आणि फळी वाकते. मधे दीड-दीड फुटांवर पट्ट्या घालून, वर वजन ठेवून, सावलीत तीन आठवडे राहू द्या. मगच रंधा मारा.

मापं अशी ठेवा. पाय ३ बाय ३ इंच. डोक्याकडचे ४० इंच उंच, पायथ्याचे १८. बाजूपट्ट्या ६ इंच रुंद, सव्वा इंच जाड. त्यांच्या आतून दीड बाय दीड इंची बत्ती (लाकडी पट्टी) गोंद लावून, दर ६ इंचांवर स्क्रूने पक्की करा. आडव्या पट्ट्या ३ इंच रुंद, पाऊण ते एक इंच जाड, मधे सव्वादोन इंच फट. अशा पंधरा पट्ट्या बसतात. पाच फूट रुंदीला मधे ४ बाय दीड इंची आधारपट्टी लागतेच, आणि तिला मधोमध स्वतंत्र पाय हवा. हा पाय वाचवला की वर्षभरात पट्ट्या मधे झुकतात आणि गादीला खळगा पडतो. डोक्याकडच्या आणि पायथ्याच्या चौकटीत कुसू घालून (एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून) कायमचा सांधा करा. बाजूपट्ट्या मात्र बोल्टवर ठेवा, प्रत्येक कोपऱ्याला ८ मिमीचे दोन. जिन्यातून तुकड्यांत नेता येईल आणि पुढे कधी जमिनीचं काम निघालं तर पलंग सोडवता येईल. बोल्टला स्प्रिंग वॉशर घाला. जुन्या पलंगांची कुरकुर बहुतेक वेळा ढिल्या बोल्टची असते, लाकडाची नसते.

सागात तेल असतं. गोंद लावण्याआधी सांध्याची जागा थिनरच्या फडक्याने पुसून घ्या, नाहीतर सांधा धरत नाही. पॉलिशला जवसाचं तेल वापरणार असाल तर तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

प्रश्न: चाळीतल्या १० बाय १२ च्या खोलीचं नूतनीकरण करतोय. तळमजला, जमीन पक्की आहे. बॉक्स बेड हवा, पण दारापुढची वाट अडीच फुटी आणि कोपऱ्यावर वळण. अख्खी प्लायची शीट आत येत नाही. किती प्लाय लागेल? (गिरगाव, मुंबई)

उत्तर: शीट आत आणायचीच नाही. कापणीची यादी करून दुकानातच पॅनल सॉवर कापून घ्या. हातकरवतीपेक्षा कडाही सरळ येतात. ७८ बाय ६० इंचाच्या गादीसाठी १८ मिमीच्या चार शीट (८ बाय ४ फूट) आणि ९ मिमीची एक पुरते. मात्र मांडणी विचारपूर्वक हवी.

पहिल्या शीटमधून पावणेबारा इंच रुंदीच्या चार लांब पट्ट्या निघतात: दोन बाजू, मधली उभी फळी आणि डोक्याकडची. दुसरीतून अशीच एक पट्टी काढा. तिच्यात पायथ्याची साडेएकसष्ट इंची फळी आणि एक आडवी फळी बसते. त्याच शीटच्या उरलेल्या भागात ७८ बाय ३० चं अर्धं झाकण निघतं. तिसरीतून दुसरं अर्धं झाकण आणि राहिलेली आडवी फळी. चौथीतून ६३ बाय ४० चा हेडबोर्ड. पेटीच्या तळाचे चार तुकडे लागतात, प्रत्येकी साडेएकोणतीस बाय साडेअडतीस इंच. ९ मिमीची शीट सरळ धरली तर दोनच निघतात. आडवी धरली, म्हणजे ९६ इंचांच्या बाजूवर साडेएकोणतीस तीनदा घेतलं, तर तीन निघतात. चौथा तुकडा हेडबोर्डच्या शीटच्या उरलेल्या भागातून काढा. तो जाड असल्याने त्या कप्प्यातली आधारपट्टी ९ मिमी खाली ठोका. एवढ्याने एक शीट वाचते.

प्लाय घेताना आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) चा माल घ्या. या मानकाच्या प्लायला ७२ तास उकळत्या पाण्याची कसोटी असते. शीटवर आयएसआय चिन्हाखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला असतो. बीआयएस केअर ॲपवर तो तिथल्या तिथे तपासता येतो. ‘मरीन’ असा नुसता छाप काही सिद्ध करत नाही.

जोडणीसाठी सुतार मिनीफिक्स (फिरवून आवळायचे धातूचे जोड) सुचवतील. कपाटाला ते ठीक, पण पलंगावर माणूस बसतो, उठतो, मुलं उड्या मारतात, आणि ते ढिले होतात. चारही कोपऱ्यांत आतून २ बाय २ इंची लाकडी ठोकळा उभा करा आणि त्यातून ८ मिमीचे आरपार बोल्ट घाला. प्लायच्या कडेत स्क्रू घालणं भाग असेल तिथे आधी ३ मिमीचं भोक पाडा, मग ८ नंबरचा ५० मिमी स्क्रू. भोक न पाडता स्क्रू मारला की प्लायचे थर उकलतात, आणि उकललेली कड पुन्हा कितीही गोंद भरला तरी पूर्वीसारखी होत नाही.

पेटी जमिनीला टेकवू नका. चार इंच उंच पाय द्या. फरशी पुसताना कडेला लागणारं पाणी प्लाय शोषून घेते, आणि बॉक्स बेड सर्वांत आधी खराब होतो तो तिथेच.

प्रश्न: जांभ्याच्या भिंतींचं जुनं घर. पलंगाखाली पिठासारखा भुसा पडतो. नवा पलंग केला तर त्यालाही लागेल का? कुणी धान्यात टाकायच्या गोळ्या ठेवायला सांगितलं आहे. (राजापूर तालुका)

उत्तर: त्या गोळ्या घरात आणू नका. ॲल्युमिनियम फॉस्फाईडपासून निघणारा फॉस्फिन वायू जीवघेणा आहे. बंद खोलीत, शेजारच्या खोलीत झोपलेल्यांचेही जीव त्याने गेले आहेत. झोपायच्या खोलीत तर त्यांचा विचारही नको.

पिठासारखा बारीक भुसा आणि टाचणीच्या डोक्याएवढी भोकं, हे भुंगेऱ्याचं लक्षण. वाळवीचं लक्षण म्हणजे मातीच्या नळ्या. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. भुंगेरा लाकडाच्या बाहेरच्या पांढरट थरावर जगतो. सागाच्या तपकिरी गाभ्याला तो सहसा लागत नाही. म्हणून नव्या पलंगासाठी लाकूड निवडताना पांढरा भाग असलेली फळी नाकारा, किंवा तेवढा भाग छाटून घ्या. पॉलिशआधी कोऱ्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी पाजा: एक लिटर गरम पाण्यात ६० ग्रॅम बोरॅक्स, ४० ग्रॅम बोरिक ॲसिड, हातमोजे घालून, दिवसाआड दोन हात. पॉलिश झाल्यावर हे आत मुरत नाही. जुन्या पलंगाची भोकं मेणाने बुजवून ठेवा. चार-सहा महिन्यांत नवी भोकं दिसली तर कीड जिवंत आहे असं समजा, आणि तो पलंग नव्याच्या खोलीत ठेवू नका.

वाळवीच्या नळ्या असतील तर नुसत्या पलंगावर औषध मारून उपयोग नाही, ती जमिनीतून येते. भिंत आणि फरशीच्या सांध्यात दर ३० सेंटीमीटरवर १२ मिमीची भोकं पाडून औषध सोडतात. हे काम परवानाधारकाकडून, फरशी बदलण्याआधी करून घ्या.

जांभा पाणी धरतो. हेडबोर्ड भिंतीला ठोकू नका, दोन इंच अंतर ठेवा. पावसाळ्यात गादीखाली बुरशी येते ती हवा कोंडल्यामुळे. तुमच्याकडे पट्ट्यांचाच पलंग करा. सलग प्लाय असेलच तर दर ७-८ इंचांवर इंचभर व्यासाची भोकं पाडा. पायांची खालची कापलेली बाजू इपॉक्सीने बंद करा. लाकूड सर्वांत जास्त पाणी तिथूनच ओढतं.

प्रश्न: हायड्रॉलिकचा बेड बसवला. झाकण पूर्ण खाली बसत नाही, एक बाजू वर राहते. पंप बदलू का? (नाशिक)

उत्तर: गादी घातली आहे ना, ते आधी पाहा. हे पंप झाकण आणि गादी मिळून जे वजन होतं त्यासाठी निवडलेले असतात. गादीशिवाय झाकण वरच राहणार. गादी असूनही एकच बाजू उचललेली असेल तर जुन्या फरशीचा दोष असण्याची शक्यता जास्त आहे. शहाबादी फरशीच्या खोलीत दोन कोपऱ्यांत अर्ध्या इंचाचा फरक सहज निघतो. त्याने पेटीला पीळ पडतो आणि एका बाजूचा पंप अडकतो. पेटीचे दोन्ही कर्ण मोजा, मग लेव्हल लावून पायांखाली फिरते स्क्रू घाला. दोन्ही बाजूंचे पंप एकाच ताकदीचे आहेत का, तेही छापील आकडा वाचून पाहा. पंपाची पट्टी १८ मिमी प्लायला नुसत्या स्क्रूवर धरलेली असेल तर ती उखडण्याआधी आरपार बोल्ट आणि मागे प्लायचा जादा तुकडा घाला.

प्रश्न: आईचे गुडघे दुखतात. पलंग किती उंच ठेवावा? आणि वायरिंगच्या आधी पलंग करावा की नंतर? (सांगली)

उत्तर: ज्या खुर्चीवरून आई हात न टेकता उठतात तिची बैठक मोजा आणि त्यात गादी दबते तो एक-दीड इंच मिळवा. बहुतेकांना गादीच्या वरपर्यंत १९ ते २१ इंच येतात. यातून गादीची जाडी वजा केली की सुताराला द्यायचं माप मिळतं. सुताराला ‘नेहमीची उंची’ सांगू नका, कारण गादी ४ इंची की ८ इंची, यावर सगळं बदलतं.

पलंग नंतर करा, पण त्याचं माप वायरिंगच्या आधी ठरवा. भिंतीवर खडूने हेडबोर्डची चौकट आखा. स्विचबोर्ड त्या चौकटीच्या बाहेर ६ इंचांवर, जमिनीपासून २७ ते ३० इंच उंचीवर घ्या. पडून हात पोहोचेल आणि हेडबोर्डमागे झाकला जाणार नाही. दाराजवळच्या दिव्याला टू-वे स्विच घालून दुसरा इथे आणा, म्हणजे रात्री अंधारात चालावं लागणार नाही. फरशी, वायरिंग आणि रंगाचा पहिला हात झाल्यावर पलंग बसवा, शेवटचा हात त्यानंतर. मेलामाईन पॉलिश केलं तर खोली आठवडाभर उघडी ठेवा आणि तोपर्यंत आईंना तिथे झोपवू नका.