वाचकांचे प्रश्न : ‘डचमन’ची हरवलेली खाण

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेत फिनिक्स येथे राहतो. गेल्या हिवाळ्यात आम्ही त्याच्याकडे गेलो असता त्याने शहराच्या पूर्वेस असलेला सुपरस्टिशन डोंगर दाखवला आणि तेथे कोणा ‘डचमन’ची सोन्याची खाण हरवली असल्याचे सांगितले. अशी खाण खरोखर होती काय? असल्यास इतक्या वर्षांत ती कोणालाच कशी सापडली नाही?
– एक वाचक, सांगली

उत्तर : माणूस निश्चित होता, खाणीबद्दल तसे छातीठोकपणे सांगता येत नाही. त्याचे नाव जेकब वॉल्ट्झ. तो डच नव्हे, जर्मन होता. जर्मन लोक स्वतःला ‘डॉइच’ म्हणवतात, त्याचे त्या काळच्या अमेरिकी बोलीत ‘डच’ झाले. 1860 च्या दशकात तो ॲरिझोनातील प्रेस्कॉटजवळच्या डोंगरांत सोने शोधत होता, म्हणजे धंदा त्याच्या माहितीतला होता. पुढे त्याने साल्ट नदीकाठी शेती केली. फेब्रुवारी 1891 मधील महापुराने ती उद्ध्वस्त झाली आणि त्याच वर्षी 25 ऑक्टोबरला फिनिक्समध्ये, जूलिया थॉमस या बाईंच्या घरी, त्याचे निधन झाले. मरतेसमयी त्याने त्यांना खाणीची वाट सांगितली आणि त्याच्या खाटेखाली सोनेरी गारगोट्यांची पेटी निघाली, असे म्हणतात. 1892 च्या उन्हाळ्यात बाईंनी स्वतः शोधमोहीम काढली आणि त्या रिकाम्या हाताने परतल्या. ज्यांनी ती वाट प्रत्यक्ष त्याच्या तोंडून ऐकली होती त्यांनाच खाण गवसली नाही, ही गोष्ट पुढच्या शोधकांनी फारशी मनावर घेतलेली दिसत नाही.

खुणांपैकी सर्वांत प्रसिद्ध खूण अशी की, दुपारी चार वाजता ‘वीव्हर्स नीडल’ या सुळक्याची सावली जेथे पडते तेथे खाण आहे. मात्र कोणत्या महिन्यात, हे कोणी सांगत नाही. डिसेंबरात चार वाजता सूर्य इतका खाली असतो की सावली जूनच्या तुलनेत सुमारे चौपट लांब पडते. शिवाय डिसेंबरात ती ईशान्येकडे, तर जूनमध्ये जवळजवळ थेट पूर्वेकडे जाते. एवढ्या टापूत माणूस जन्मभर फिरू शकतो, आणि काही जण फिरलेही.

खडकाची साक्षही प्रतिकूल आहे. हा डोंगर सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींच्या राखेचा व लाव्ह्याचा बनलेला असून त्यात सोन्याची शीर मिळण्याचा संभव फार थोडा. याउलट, डोंगराच्या पश्चिम पायथ्याशी गोल्डफील्ड येथे वॉल्ट्झच्या मृत्यूनंतर वर्ष-दोन वर्षांतच खरे सोने निघाले, खाणी चालल्या आणि गावही वसले. वॉल्ट्झच्या गारगोट्या खऱ्या असतील तर त्या तेथल्या असाव्यात किंवा त्याने प्रेस्कॉटकडून आणल्या असाव्यात, हेच आम्हांला अधिक पटते.

प्रश्न : मुलगा आणि त्याचे मित्र ही खाण शोधायला जाण्याचे बेत करीत आहेत. त्यास कायद्याची आडकाठी आहे काय? धोका कितपत आहे?
– तेच वाचक

उत्तर : हा प्रदेश 1964 च्या कायद्याने संरक्षित रान ठरला असून 1 जानेवारी 1984 पासून तेथे खाणीसाठी नवा हक्क नोंदवता येत नाही. गुप्तधन शोधण्यासाठी वनखात्याची वेगळी परवानगी लागते. केवळ पायी फिरण्यास मात्र हरकत नाही.

धोका थट्टेवारी नेण्यासारखा नाही. 1931 च्या जूनमध्ये ॲडॉल्फ रूथ हे वयस्क गृहस्थ जुने नकाशे घेऊन आत गेले. डिसेंबरात त्यांची कवटी तेवढी सापडली. तिला पडलेली भोके गोळीची होती की काय, यावर आजही वाद घातला जातो. जुलै 2010 मध्ये याच खाणीच्या शोधात गेलेले युटा राज्यातील तिघे उष्णतेने दगावले आणि त्यांचे अवशेष पुढील जानेवारीत मिळाले. तेथे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि ओढे कोरडे पडतात. तेव्हा मुलाला नोव्हेंबर ते मार्च या काळातच जाण्यास सांगावे. माणशी किमान चार लिटर पाणी बरोबर असावे आणि पेराल्टा वाटेने फ्रीमाँट खिंडीपर्यंत जाऊन परतावे. तो सुळका तेथून अगदी समोर दिसतो.