स्टीअरिंगचा कूलर गळतोय? आधी लाइन ओळख
भाऊ, लगेच पंप बदलायला धावू नकोस. जुन्या ट्रकात हा कूलर (पॉवर स्टीअरिंगचं तेल थंड करणारा) बहुधा रिटर्न लाइनवर, म्हणजे तेल टाकीत परत नेणाऱ्या पाइपवर असतो. तिथे प्रेशर कमी, साध्या होज क्लॅम्पवर भागतं. प्रेशरच्या पाइपला मात्र क्लॅम्प लावायचा विचारही नको.

तात्पुरता बायपास (कूलर वगळून पाइप थेट जोडणं) चालेल, पण होज तेलाला टिकणारा घे; रेडिएटरचा रबरी पाइप तेलाने फुगून मऊ पडतो. माल भरून घाटातली वळणं घ्यायची असतील, तर नवा कूलरच बसव.

तेल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच. मग आत शिरलेली हवा काढायला पुढची चाकं उचल, खाली स्टँड दे (नुसत्या जॅकवर भरवसा नको), इंजिन बंद ठेवून स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरव. टाकीत फेस दिसला तर हवा अजून आत आहे. फेस बसू दे, पुन्हा फिरव.