आजच्या सरकारी कर्मचाऱ्याला कॉम्प्युटर आला की भागतं का?

तुम्ही विचारलंय की हल्ली सरकारी नोकरीत नेमकी कुठली कौशल्यं लागतात, कॉम्प्युटर आला की पुरे का. मी याच क्षेत्रात आहे, काउंटरही केलंय आणि टेबलावर फायलीही, त्यामुळे सांगतो, एक्सेल, ईमेल, पोर्टल हे सगळं सवयीने कुणालाही जमतं. खरी गोची पुढे आहे. स्क्रीनवर आलेला आकडा चुकीचा असू शकतो हे ओळखता यायला हवं.

ऑस्ट्रेलियातलं रोबोडेट प्रकरण घ्या. भत्ता घेणाऱ्यांना जादा पैसे गेलेत का हे शोधायला तिथे 2016 मध्ये सिस्टिम लावली, ती काय करायची तर माणसाची वर्षाची कमाई घेऊन 26 पंधरवड्यांत सारखी वाटून टाकायची. आता समजा कुणी सहा महिने बेकार होता, तेव्हा भत्ता घेतला, नंतर सहा महिने नोकरी केली, त्याने काहीही लपवलेलं नाही, पण भागाकार केल्यावर तो बेकारीच्या काळातही कमावताना दिसतो आणि लगेच वसुलीची नोटीस! शाळेतलं सरासरीचं गणित हो. बरं, हे कायद्यात बसत नाही असं खात्याच्याच वकिलांनी 2014 मध्ये कळवलं होतं, तरी योजना रेटली गेली आणि 2023 च्या चौकशी आयोगाने सगळ्यांची खरडपट्टी काढली.

म्हणून माझ्या मते तीन गोष्टी एकत्र लागतात, आकड्यांची समज, मूळ नियम स्वतः उघडून वाचायची सवय (शेजारच्या टेबलवाल्याला विचारून नाही) आणि "साहेब, हे नियमात बसत नाही" असं फाइलवर लेखी टाकायची हिंमत. तोंडी सांगितलेलं नंतर कुणालाच आठवत नाही, अनुभव आहे.

प्रामाणिकपणा, वेळ पाळणं वगैरे तर धरूनच चाला.

आणि हो, सोपं लिहिणं, याकडे कुणी लक्षच देत नाही. "सदर प्रकरणी आवश्यक कागदपत्रांची पूर्तता करावी" असं पत्र गेलं की तो माणूस परत काउंटरवर येणारच, कारण कुठला कागद ते लिहिलेलंच नाही. अमेरिकेत तर यासाठी 2010 मध्ये कायदाच केला की सरकारी मजकूर लोकांना कळेल असा लिहा.

तयारी करत असाल तर एखादं जुनं सरकारी पत्र घ्या, काय आणायचं, कधीपर्यंत आणि नाही आणलं तर काय होईल, एवढंच ठेवून परत लिहून बघा आणि घरातल्या कुणाला तरी वाचायला द्या, त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही तर जमलं.