विनएसएक्सएसला हात लावू नकोस

अरे, सी ड्राइव्हवर जागा करायला विनएसएक्सएस (WinSxS, विंडोज आपल्या सिस्टम आणि अपडेटच्या फायली ठेवतं तो फोल्डर) उडवायचा म्हणतोस, पण विंडोज परवानगी देत नाही म्हणून त्या फोल्डरची मालकी स्वतःकडे घेऊन डिलीट मारत बसू नकोस. मी एकदा तो उद्योग केला. अख्खा रविवार विंडोज नव्याने टाकण्यात गेला. विनएसएक्सएस दिसतो तेवढा जाड नसतोच. त्यातल्या बऱ्याच फायली हार्ड लिंक (म्हणजे डिस्कवरच्या एकाच फाइलला दिलेली आणखी नावं) असतात, त्यामुळे एकच फाइल दोनदा मोजली जाते.

स्टार्टमध्ये 'डिस्क क्लीनअप' शोध, सी ड्राइव्ह निवड आणि 'क्लीन अप सिस्टम फाइल्स' दाब. यादी पुन्हा येईल, त्यात 'विंडोज अपडेट क्लीनअप'वर टिक कर. 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' उडवलंस तर जुन्या आवृत्तीवर परतता येणार नाही. तसंही अपग्रेडनंतर ते साधारण १० दिवसांनी आपोआप जातं. आणि हो, लॅपटॉप चार्जिंगला लावून ठेव, हे काम रेंगाळतं.