लाडक्या बहिणीचा हप्ता आणि अंगणवाडीतले आठ रुपये

राज्याच्या अर्थसंकल्पातून महिलांच्या खात्यावर थेट जमा होणारे पैसे कुटुंबाला खरोखर आधार देतात का, की तोच पैसा अंगणवाड्या आणि पाळणाघरांवर खर्च व्हायला हवा, असे आपण विचारले आहे. मी एकात्मिक बालविकास सेवा योजनेत पर्यवेक्षिका म्हणून काम करून निवृत्त झाले आहे. माझ्या बीटमधल्या, म्हणजे माझ्या देखरेखीखालच्या अंगणवाड्यांच्या परिसरातल्या, घरांत जे पाहिले, त्याच्या आधारावर हे उत्तर देत आहे.

थेट पैशाला मी कमी लेखत नाही. 28 जून 2024 रोजी अर्थमंत्री अजित पवार यांनी अतिरिक्त अर्थसंकल्पात मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जाहीर केली, तेव्हा वार्षिक 46,000 कोटी रुपये खर्चाचा अंदाज सांगितला गेला. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असलेल्या पात्र महिलेला दरमहा 1,500 रुपये मिळतात आणि ते तिच्या स्वतःच्या, आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होतात. ही अट मला रकमेइतकीच मोलाची वाटते. स्वतःच्या औषधासाठी किंवा मुलीच्या वह्यांसाठी ज्या बाईला दर वेळी नवऱ्यापुढे अथवा सासूपुढे हात पसरावा लागतो, तिच्या हाती नियमित येणारी रक्कम घरातले तिचे स्थान बदलते. मार्च 2023 पासून एसटीच्या प्रवासात महिलांना मिळणाऱ्या निम्म्या तिकिटाचेही तसेच आहे. दवाखान्यात जाण्यासाठी परवानगी मागावी लागली तरी भाड्याचे कारण पुढे करून तिला अडवणे अवघड होते.

पण मूल सांभाळायला कोणी नसेल, तर या हप्त्याने तो प्रश्न सुटत नाही. शेतमजुरीला जाणारी आई सकाळी निघते ती संध्याकाळी परतते. अंगणवाडी मात्र काही तासांचीच असते आणि तेथील पूर्वशिक्षण तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी असते. दीड वर्षाचे मूल मग सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर जाते आणि त्या बहिणीची शाळा बुडते. 2005 च्या रोजगार हमी कायद्यात, कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांना सांभाळण्यासाठी एक बाई नेमावी, अशी तरतूद होती. मी पाहिलेल्या कामांवर मुले बहुधा झाडाला बांधलेल्या झोळीतच असत, हे सांगताना आजही मला वाईट वाटते.

आहाराची स्थिती याहून बोलकी आहे. अंगणवाडीतल्या सर्वसाधारण बालकाच्या पूरक आहारासाठी दिवसाला 8 रुपये आणि गरोदर किंवा स्तनदा मातेसाठी 9 रुपये 50 पैसे, हा केंद्राचा दर 2017 साली ठरला आणि पुढे कित्येक वर्षे तोच राहिला, जरी त्या काळात डाळ, तेल आणि गॅस सारेच महागले. महिन्याचे 25 दिवस धरले तर एका बालकामागे 200 रुपये होतात. ज्या राज्याला आईच्या खात्यावर 1,500 रुपये जमा करणे शक्य होते, त्याला तिच्या मुलाच्या ताटात स्वतःची भर घालणे परवडत नाही, हे मला पटत नाही. म्हणून माझे मत असे की, हप्ता बंद करून अंगणवाडी सुधारण्याची मागणी चुकीची आहे. मागणी दोन्हींची असावी आणि पुढची वाढ हप्त्यात करण्याआधी ती आहाराच्या दरात व दिवसभराच्या पाळणाघरांत व्हावी.

तरतुदीचा आकडा वाचतानाही थोडी काळजी घ्यावी. 2025-26 साठी लाडकी बहीण योजनेला 36,000 कोटी रुपये ठेवले गेले, म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या खर्चापेक्षा 10,000 कोटी कमी. एवढ्यावरून योजना गुंडाळली जात आहे असे म्हणता येत नाही आणि सारे आलबेल आहे असेही म्हणता येत नाही. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात महिला व बालविकास विभागाने खर्चासाठी केलेल्या अनुदानाच्या मागणीपुढे चालू वर्षाचा अंदाज, सुधारित अंदाज आणि आधीच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च वेगवेगळ्या स्तंभांत दिलेला असतो. आपण पोषण आहाराच्या ओळीत प्रत्यक्ष खर्चाचा स्तंभ पाहावा आणि त्याच वर्षाच्या मूळ तरतुदीशी ताडून पाहावा. आपल्या प्रश्नाचे उत्तर घोषणेपेक्षा त्या फरकात अधिक स्पष्ट मिळेल.