पहिल्या पंधरवड्यातली कामं स्वतःच्या तोंडाने कर

तुझा प्रश्न असा: जर्मनची बी-वन (मधली) पातळी झालीय, व्हिसा हातात आहे, ऑक्टोबरात सांगलीहून जर्मनीत लाइपझिगला आठ महिन्यांच्या भाषा-कोर्सला निघालीयस. तिथे ओळखीतले एक दादा आहेत. स्टेशनावर घ्यायला येण्यापासून नोंदणी, बँक, सिमकार्ड सगळं करून देतो म्हणतात. तर त्यांच्यावर सोपवावं का?

मी तिकडे राहून आलेय, आता विश्रामबागेत जर्मन शिकवते आणि दरवर्षी सांगली-मिरजेची मुलं तिकडे जाताना बघते. दादांना घ्यायला येऊ दे, पहिल्या रात्री त्यांच्याकडे पोटभर जेव. पण कामं तू कर. हवं तर ते शेजारी उभे राहतील, बोलायचं तू.

आपल्याकडची मुलं व्याकरणात पक्की असतात, पेपर छान सोडवतात. वर्गातले शिक्षकही सावकाश, सुटंसुटं बोलतात. काउंटरपलीकडचा माणूस तसा बोलत नाही. त्याच्याशी पहिल्याच आठवड्यात गाठ पडली की भीड चेपते. नाही पडली, तर दुसऱ्याला पुढे करायची सवय लागते आणि ती लवकर सुटत नाही. वर्गात सी-वनचं, म्हणजे बरंच वरच्या पातळीचं पुस्तक चालू, पण डॉक्टरची वेळ घ्यायला फोन मित्राने करायचा, अशी हुशार मुलं मी पाहिलीयत. वाईट वाटतं.

सगळ्यात मोठं काम पत्त्याच्या नोंदणीचं, म्हणजे आनमेल्डुंग. तुझा मुक्काम तीन महिन्यांपेक्षा जास्त आहे, त्यामुळे खोलीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करणं कायद्याने बंधनकारक आहे. त्याला पासपोर्ट लागतो, भरलेला अर्ज लागतो आणि घरमालकाने सही करून दिलेलं पत्र लागतं, 'ही माझ्याकडे अमुक तारखेपासून राहते' असं. बहुतेकांचं घोडं या पत्रापाशी अडतं. म्हणून ते कधी मिळेल हे घरमालकाला आत्ताच मेल करून विचार, आणि मेल जर्मनमध्येच लिही. कार्यालयाची वेळ ऑनलाइन घ्यावी लागते, तीही इथूनच बघून ठेव. बँका बऱ्याचदा नोंदणीचा कागद मागतात, आणि व्हिसासाठी आधी पैसे भरून ठेवलेल्या ब्लॉक केलेल्या खात्यातले दरमहाचे पैसे तिथलं चालू खातं उघडल्यावरच येऊ लागतात. म्हणजे एक कागद अडकला की पुढचं सगळं अडकतं. तोवर खर्चाला काही युरो फॉरेक्स कार्डावर आणि थोडे रोख जवळ असू देत.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. खोलीची किल्ली मिळाली की आधी खाली जाऊन पत्रपेटी बघ. पेटीवर आणि बेलवर तुझं आडनाव लागलंय का? आपल्या पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचं नाव, मग आडनाव. पेटीवर आडनाव हवंच. टॅक्स क्रमांक, बँकेचा पिन, आरोग्य विम्याची पत्रं, सगळं टपालाने येतं, आणि पेटीवर नाव दिसलं नाही की पोस्टमन पत्र परत पाठवतो. घरमालकाला वेळ नसेल तर त्याला विचारून कागदावर ठळक अक्षरात आडनाव लिही आणि चिकटपट्टीने लाव. सामान नंतर उपसलंस तरी चालेल.

आता रोजचं बोलणं. सकाळी बेकरीत जा. 'आइन ब्र्योटशेन, बिटं' सगळ्यांनाच येतं, गाडी अडते पुढच्या प्रश्नावर. काउंटरवरची बाई हात चालू ठेवूनच विचारते, 'झोन्स्ट नोख वास?' आणखी काही? तेवढ्यात दुसरा प्रश्न, इथे खाणार की बांधून देऊ? मागे रांग, पुढे ती थांबलेली. असे ठरलेले प्रश्न प्रत्येक दुकानात चार-दोनच असतात, ते जाण्याआधी ऐकून ठेव. तू अडखळलीस की समोरचा भलेपणाने इंग्रजीवर येईल. तेव्हा हसून म्हणायचं, 'क्योनन वीअर बिटं डॉइच श्प्रेशन? इश लेअर्न नोख.' आपण जर्मनमध्ये बोलूया का, मी शिकतेय अजून. कोणी रागावत नाही.

पहिल्या दिवशी पातळी ठरवायची चाचणी होईल. बी-वनचं सर्टिफिकेट असूनही खालच्या वर्गात बसवलं तर हुज्जत घालू नकोस. आपलं वाचन-लेखन पुढे असतं, कान मागे. आठवडाभराने शिक्षकांशी बोल, खरंच सोपं जात असेल तर ते वर बसवतात. आणि वर्गात कोणी मराठी भेटलंच तर दुपारच्या जेवणापर्यंत दोघींनी जर्मनच बोलायचं, असं पहिल्याच दिवशी ठरवून टाका.

सामानाचं थोडक्यात. साताऱ्याचे कंदी पेढे, घरचं तूप, श्रीखंड काही नेऊ नकोस. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांना नेता येत नाहीत, कस्टममध्ये काढून घेतात. भडंग, बेदाणे, हळद, मेतकूट, चटण्या खुशाल ने. तीन गोल पिनांचा आपला प्लग तिथे बसत नाही, अडॅप्टर घे.

फ्रँकफर्टला उतरणार असशील तर विमानतळाच्या स्टेशनातूनच लांब पल्ल्याची गाडी मिळते. स्वस्तातलं तिकीट त्या एकाच गाडीचं असतं आणि विमानाला उशीर झाला तर हातातून जातं. त्या दिवसापुरते जास्तीचे पैसे टाकून कुठल्याही गाडीला चालणारं तिकीट काढ. शक्यतो शनिवारी रात्री पोचू नकोस. रविवारी दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनातली काही सोडली तर.

घरी फोन संध्याकाळी सहाला ठरव. तेव्हा सांगलीत साडेनऊ झालेले असतात, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं मागे गेली की साडेदहा. आईला हे आधीच सांगून ठेव, नाहीतर ती काळजीत जागत बसेल. दिवसभर व्हिडिओ कॉल चालू ठेवू नकोस. सुरुवातीला रडू येईल, अंधारही लवकर पडेल. तेव्हा खोलीत बसू नकोस, काहीतरी आणायला बाहेर पड.

घरमालकाच्या मेलचा मसुदा आज-उद्या लिहून काढ आणि इथे टाक. चुका मी दाखवते, दुरुस्त तू कर.